डिस्क गोल्फचं प्रक्षेपण बघताना खेळ कळतच नाही. प्रेक्षकांसाठी ते सुधारायचं तर काय करावं लागेल?

तुम्ही लिहिलंय की यूट्यूबवर डिस्क गोल्फ बघायला घेतलं, खेळाडू डिस्क फेकतो, आकाशात एक ठिपका दिसतो, मग डिस्क गवतात पडलेली दिसते आणि समालोचक आनंदाने ओरडतात. तो ओरडा कशासाठी, हे शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय तुमच्या भागात छोटी स्पर्धा घेतली तर ती मोजक्या कॅमेऱ्यांवर नीट दाखवता येईल का, असंही विचारलंय. मी नाशिकमध्ये स्थानिक क्रिकेट आणि कबड्डी स्पर्धांचं थेट प्रक्षेपण करते. इथल्या अल्टिमेट फ्रिस्बी खेळणाऱ्या मित्रमंडळींमुळे डिस्क गोल्फही शूट करायला लागले, त्यामुळे दोन्ही प्रश्नांवर बोलता येईल. नवख्यांसाठी एवढंच: टी-पॅडवरून, म्हणजे फेक सुरू करायच्या जागेवरून, डिस्क फेकत फेकत कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये घालायची, आणि असा एक टप्पा म्हणजे एक होल.

माझं उत्तर एका वाक्यात असं: डिस्क गोल्फचं प्रक्षेपण फेकीबरोबर सुरू होतं, ते फेकीच्या आधी सुरू व्हायला हवं.

क्रिकेट बघताना गोलंदाज धावायला लागण्याआधीच आपल्या मनात आडाखा तयार असतो. दोन स्लिप आहेत, कव्हर मोकळा ठेवलाय, म्हणजे बाहेरचा चेंडू टाकून ड्राइव्हला खेचणार. चेंडू पडला की आपण आपला आडाखा ताडून बघतो, आणि खरी रंगत तिथेच असते. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकणाऱ्यांना मैदान दिसतच नसे, म्हणून क्षेत्ररचना आधी सांगावीच लागे, आणि ऐकणारा घरबसल्या कप्तानासारखा विचार करू लागे.

डिस्क गोल्फच्या नव्या प्रेक्षकाकडे ताडून बघायला काहीच नसतं. खेळाडू पिशवीतल्या वीसेक डिस्कमधून एक उचलतो. हीच का? समोर झाडांमधून दोन वाटा आहेत, त्यातली कुठली? चुकली तर पाण्यात जाईल की नुसती झाडाला लागेल? नियमाप्रमाणे खेळाडूला फेकायला ३० सेकंद मिळतात. एवढ्या वेळात हे सगळं सांगून होतं. पण त्या वेळात पडद्यावर बहुतेकदा खेळाडूचा चेहरा नाहीतर गुणफलक असतो.

काय सांगायचं ते कळायला डिस्क उडते कशी, ते थोडं समजून घ्या. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना ती उजवीकडे झुकू पाहते आणि वेग ओसरला की डावीकडे घसरत खाली येते. फोरहँडला सगळं उलट. किती झुकेल, किती घसरेल हे डिस्कच्या घडणीवर आणि सोडताना तिची कड कशी कललेली आहे यावर ठरतं. समोरून वारा असेल तर ती वर उचलली जाते आणि जास्त झुकते. त्यामुळे एकाच बास्केटकडे तीन खेळाडू तीन वेगळ्या वाटांनी जातात, आणि त्या वाटेची निवड हाच या खेळाचा गाभा आहे. अनेक कंपन्या डिस्कवर चार आकडे छापतात: स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणं), टर्न (सुरुवातीचं झुकणं), फेड (शेवटचं घसरणं). नवख्याला चारही नकोत. पडद्याच्या कोपऱ्यात एक बाण पुरे, की ही डिस्क शेवटी डावीकडे पडणार. मग ती खरंच झाडाला वळसा घालून डावीकडे उतरली, की तुम्हीही समालोचकाबरोबर ओरडाल.

आता कॅमेरा. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्याबद्दल.

डिस्क हातातून सुटली की कॅमेरामन सवयीने झूम करून तिच्या मागे जातो. क्रिकेटमध्ये उंच उडालेल्या झेलाला आम्ही तेच करतो आणि तिथे ते चालतं, कारण चेंडू साधारण कुठे पडणार हे त्याच्या सुरुवातीवरूनच कळतं. डिस्क मात्र हवेत असताना दिशा बदलते. निळ्या आकाशावर एकटी डिस्क चौकटीत धरली, तर ती वळतेय की सरळ चाललीय हे ओळखायला मागे काहीच उरत नाही. वळण दिसायला मागे झाड, टेकडी, विजेचा खांब, काहीतरी स्थिर लागतं. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की टी-पॅडच्या मागे, खेळाडूच्या डोक्यापेक्षा थोडा उंच, ट्रायपॉडवर एक रुंद कॅमेरा असावा आणि तो हलू नये. टी, वाट आणि शक्य असेल तर बास्केट एकाच चौकटीत यावं. डिस्क त्यात बारीक दिसेल. चालेल. तिची अख्खी वाट दिसते, ते महत्त्वाचं.

या कॅमेऱ्यातून डावं-उजवं कळतं, अंतर मात्र कळत नाही. लांबून झूम केलं तर आणखीच फसगत होते. चाळीस मीटर मागे-पुढे असलेली झाडं एका रांगेत चिकटल्यासारखी दिसतात आणि डिस्क ज्या फटीतून गेली ती किती अरुंद होती, याचा पत्ताच लागत नाही. उपाय बिनखर्चाचा आहे. फेरी सुरू होण्याआधी एका माणसाला त्या फटीत उभं करून शॉट घेऊन ठेवा. माणसाच्या उंचीवरून डोळ्याला लगेच माप मिळतं. होल सुरू होताना तो शॉट दोन-तीन सेकंद दाखवला की झालं. मोठी प्रक्षेपणं होलची ओळख ड्रोनने वरून करून देतात. उघड्या माळावर ते फार छान दिसतं, पण दाट झाडीत वरून नुसते शेंडे दिसतात, आणि डिस्क जाणार असते त्यांच्या खालून.

दुसरा कॅमेरा पडण्याच्या जागी हवा, पण तो कुठल्या बाजूला तोंड करून उभा आहे हे नीट ठरवा. तो बास्केटजवळून मागे टीकडे बघत असेल, तर डावं-उजवं उलटतं. समालोचक म्हणतो डावीकडे पडेल, आणि पडद्यावर डिस्क उजवीकडे जाते. नवा प्रेक्षक इथेच हात टेकतो. क्रिकेटनेही असा काळ पाहिलाय. एकाच टोकाला कॅमेरा असल्यामुळे दर दुसऱ्या षटकात फलंदाजाची पाठ बघावी लागे. १९७७ मध्ये केरी पॅकरच्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटने दोन्ही टोकांना कॅमेरे लावले आणि बघणाऱ्याची दिशा कायम राहू लागली. डिस्क गोल्फमध्ये पडण्याचा कॅमेरा वाटेच्या कडेला, थोडा मागे, टीकडून बघितल्यासारखाच ठेवावा. समोरून येणाऱ्या डिस्कचा शॉट देखणा असतो हे खरं, तो रिप्लेला ठेवावा.

डिस्कमागे रंगीत रेघ काढायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. गोल्फमध्ये ती आता सवयीची झालीय. मला ती रिप्लेमध्ये आवडते, थेट फेकीवर नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत आइस हॉकीच्या प्रक्षेपणात पकला, म्हणजे बर्फावर सरकणाऱ्या चकतीला, निळी चमक आणि वेग वाढला की लाल शेपूट दिली होती. नेहमीचे प्रेक्षक वैतागले आणि १९९८ नंतर ते बंद झालं. याउलट १९९८ मध्येच अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर पिवळी रेघ आली, ती टिकली, कारण कुठवर पोचायचं आहे हे ती खेळ सुरू व्हायच्या आधी सांगते. डिस्क गोल्फसाठी मी हाच मार्ग धरेन: फेकीआधी स्थिर चित्रावर अपेक्षित वाट, फेकीच्या वेळी कोरं चित्र, आणि रिप्लेला दोन खेळाडूंच्या खऱ्या वाटा शेजारी-शेजारी. मागचा कॅमेरा हलला नसेल, तर हे एडिटिंगमध्ये सहज जमतं.

पटिंगचं, म्हणजे बास्केटजवळून डिस्क आत घालायच्या फेकीचं, दुखणं वेगळं आहे. सात मीटर आणि बारा मीटर पडद्यावर सारखेच दिसतात, आणि फरक तर मोठा आहे. बास्केटपासून १० मीटरच्या आत असताना फेकून झाल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. त्याच्या बाहेर टाकता येतं. आपल्याकडे कबड्डी-खोखोच्या मैदानावर मारतो तशी फक्की घेऊन १० मीटरचं वर्तुळ आखा. पाच मिनिटांचं काम आहे आणि घरी बसलेल्याला अंतर सांगावं लागत नाही. बास्केटच्या वर एक रिबन बांधा, म्हणजे वारा दिसेल. पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूने पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा आमच्याकडे साधा पटही कठीण होतो, आणि रिबन नसेल तर बघणाऱ्याला वाटतं की खेळाडूला एवढंही जमत नाही.

थेट दाखवावं की संपादित करून? परदेशात दोन्ही चालतं. जोमेझप्रोसारखे यूट्यूब चॅनल एका गटाच्या चार खेळाडूंची फेरी चित्रित करून, मधलं चालणं आणि डिस्क शोधणं काढून टाकून, लगेच दुसऱ्या दिवशी दाखवतात. २०२० पासून डिस्क गोल्फ नेटवर्कवर थेट प्रक्षेपणही असतं. नव्या माणसाने संपादित फेरीपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, कारण तिथे समालोचकाला निकाल माहीत असतो आणि आधी काय सांगायला हवं होतं ते तो सांगू शकतो. थेट प्रक्षेपणाची ताकद शेवटच्या तीन-चार होलवर दिसते. २०२१ ची जागतिक स्पर्धा यूटाच्या ऑग्डेनमध्ये झाली. शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅड पॉल मॅकबेथच्या एका फेकीने मागे होता. त्याने सुमारे ७५ मीटरवरून डिस्क थेट साखळ्यांमध्ये घातली, बरोबरी साधली आणि मग प्लेऑफ जिंकला. ती चित्रफीत हा खेळ कधीही न पाहिलेल्या लोकांनीही डोक्यावर घेतली. त्यांना टर्न-फेड काही माहीत नव्हतं. पण ही एक फेक गेली नाही तर सगळं संपलं, एवढं त्यांना आधी कळलेलं होतं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा चढाईची ३० सेकंदांची घडी आणि ‘डू ऑर डाय’ची (या चढाईत गुण नाही तर चढाईपटू बाद) पाटी हेच काम करत होती. कबड्डी आयुष्यभर खेळलेल्यांना त्या पाटीची गरज नव्हती. शहरातल्या नव्या प्रेक्षकाला होती, आणि तो टिकला.

आता तुमच्या छोट्या स्पर्धेबद्दल. आम्ही गंगापूर रोडच्या पुढे एका ओळखीच्यांच्या आमराईत खेळतो. बास्केट अंबडच्या एका वेल्डरकडून साखळ्या लावून करून घेतल्या आहेत, त्या उत्तम चालतात. शूट करताना ऑटोफोकस बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा डिस्क सोडून पुढच्या पानांवर फोकस करतो. शटर १/१००० च्या आसपास ठेवा, म्हणजे डिस्कचा फराटा होत नाही. पांढरी डिस्क पावसाळी ढगांवर आणि हिरवी डिस्क गवतावर हरवते. खेळाडूंना गुलाबी किंवा भगवी वापरायची विनंती करा, ते बहुधा आनंदाने ऐकतात. मोबाइल डेटावरून थेट दाखवणार असाल तर हे लक्षात घ्या की हलणारी पानं आणि गवत यांचं चित्र सगळ्यात आधी फुटतं. कमी डेटात कॅमेरा फिरवला की सगळी झाडी चिखलासारखी दिसते. स्थिर कॅमेऱ्याचा हाही एक फायदा. ड्रोन वापरायचा असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. नाशिकमध्ये देवळाली, गांधीनगर आणि ओझर इथल्या लष्करी जागा आणि विमानतळांमुळे बऱ्याच भागात बंधनं आहेत.

आवाजाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. बास्केटच्या खांबाला एक छोटा माइक लावा. डिस्क साखळीत बसल्याचा आवाज आणि लोखंडी कडेवर आदळल्याचा आवाज यांतला फरक घरच्या माणसाला एका फेरीत कळायला लागतो. त्या क्षणी समालोचकाने गप्प बसायचं, हे आधीच ठरवून घ्या.

अठराही होल दाखवायच्या मागे लागू नका. कॅमेरे घेऊन खेळाडूंमागे पळण्यात सगळा दिवस जातो आणि एकही फेक धड मिळत नाही. तीन होल निवडा: एक उघडा आणि लांब, एक झाडीतला, आणि शेवटचा. तिथे कॅमेरे रोवून ठेवा आणि येणारा प्रत्येक गट दाखवा. तीच वाट, तोच कोन आणि दर वेळी नवा खेळाडू, यामुळे तिसऱ्या गटापर्यंत बघणाऱ्यालाच कळायला लागतं की डाव्या झाडाला चिकटून गेलेली डिस्क शेवटी कुठे पडणार आहे.