तारण कृपेने, मग ही धास्ती कशाची?

"कृपेने तारण होतं म्हणता, मग आज्ञा मोडली की छातीत धस्स का होतं?" ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न पुष्कळदा येतो. (तारण म्हणजे पापातून सुटका.) बहुतेकांची टोचणी एका प्रार्थनेने शमते. त्यात काळजीचं काही नाही.

माझ्याकडे उपचारासाठी आलेल्या नगर भागातल्या एका शिक्षिकेची (ओळख बदलली आहे) ती शमत नव्हती. बायबलमधलं इफिसकरांस पत्र 2:8-9 म्हणतं, तारण हे देवाचं दान, कर्मांची कमाई नव्हे. पण त्याच बायबलमधलं याकोब 2:24 म्हणतं, माणूस नुसत्या विश्वासाने नीतिमान ठरत नाही. वर्गात पोरावर ओरडलं तरी रात्री क्षमेची प्रार्थना व्हायची. एक शब्द चुकला, मन जरा भरकटलं, की पुन्हा पहिल्यापासून. अयोग्य रीतीने घेतलं तर दंड, या भीतीने प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) बंद. मध्यरात्री पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, मेसेज. ते बिचारे दर वेळी समजावायचे, पण तो धीर सकाळपर्यंतही पुरत नसे.

कृपा की आज्ञा, याचा निवाडा मी केला नाही. तो माझा प्रांत नव्हे, आणि केला असता तरी उपयोग शून्य. कृपा म्हटलं की "माझा विश्वास खरा कशावरून?" आज्ञापालन म्हटलं की "किती पाळलं म्हणजे पुरे?" हा धार्मिक वळणाचा ओसीडी, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार. मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत बसे. इग्नेशियस लॉयोला 1522च्या सुमारास मानरेसात कबूल केलेली पापंच पुन्हा पुन्हा कबूल करत होता. एक प्रॉटेस्टंट सुधारणेचा जनक, दुसरा जेझुइट या कॅथलिक संघाचा संस्थापक. शंका काही पंथ विचारून येत नाही!

पाळकांना एकदा सोबत बसवलं. त्यांनी इफिस 2:10 काढून सांगितलं, सत्कृत्यं तारणामागून येतात, ती त्याची किंमत नव्हे. लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनीही 1999 साली ऑग्सबुर्गला याच्या जवळपास जाणाऱ्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, हेही सांगितलं. ठरलं असं की यापुढे मेसेज आला तर उत्तर एकच: "हे आपलं बोलून झालंय." रात्रीची प्रार्थना एकदाच. अडखळली तरी आमेन म्हणून दिवा बंद. सुरुवातीचे दिवस रडारडीचे गेले. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्याही सुरू केल्या.

काही महिन्यांनी त्या प्रभुभोजनाला गेल्या, शंका मनात असतानाच. परवा विचारत होत्या, "मॅडम, आता धस्स होत नाही. माझा विवेक तर बोथट झाला नसेल ना?"

"याचं उत्तर आज मिळणार नाही," मी म्हटलं. त्या हसल्या, आणि आम्ही पुढच्या आठवड्याचा गृहपाठ ठरवायला घेतला.