‘माझी आयडिया ढापली’ म्हणजे नेमकं काय ढापलं?

प्रश्न : मी हौशी नाट्यसंस्थेसाठी एकांकिका लिहितो. एका ओळखीच्या दिग्दर्शकाला माझी नवी एकांकिका आख्खी वाचून दाखवली होती, धरणात गाव गेलंय आणि म्हातारा पोस्टमन अजून जुन्या पत्त्यांवरची पत्रं घेऊन फिरतोय. त्यानं पुढे काही कळवलंच नाही आणि यंदा स्पर्धेत त्याची एकांकिका आली, बुडालेलं गाव आणि हजेरी घेणाऱ्या निवृत्त बाई. माझा एकही संवाद त्यात नाही, पण कल्पना माझीच आहे. केस करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वाचून वाईट वाटलं, पण कायद्याचं आधी सरळ सांगतो, नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. अगदी तुमच्यासारखीच एक केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली आहे. दिल्लीत आर. जी. आनंद म्हणून आर्किटेक्ट होते, नाटकंही लिहायचे, त्यांनी १९५३ मध्ये ‘हम हिंदुस्तानी’ लिहिलं, एक पंजाबी घर, एक मद्रासी घर, पोरं प्रेमात पडतात आणि आईबापांचा प्रांताभिमान आडवा येतो. नाटक गाजलं, सिनेमावाले आले, ह्यांनी त्यांना सगळं वाचून दाखवलं, मग तिकडून काही पक्का शब्द नाही, आणि १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ सिनेमा आला, त्यातही पंजाबी मुलगा आणि मद्रासी मुलगी! आनंद खालच्या कोर्टात हरले, हायकोर्टात हरले आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टातही हरले. कोर्टाचं म्हणणं असं की विषय, कल्पना, कथानकाचा सांगाडा ह्यावर कुणाचाच हक्क नाही, हक्क असतो तो तुम्ही ते ज्या पद्धतीनं मांडलंय त्यावर, आणि दोन्ही बघितलेल्या माणसाला ‘ही तर सरळसरळ नक्कल आहे’ असं वाटायला हवं. सिनेमात घरमालक परप्रांतीयाला खोली देत नाहीत तो भाग होता, हुंड्याचा भाग होता, नाटकात हे काहीच नव्हतं.

आनंद यांच्याबद्दल वाईट वाटतं, तरी मला हा नियम मनापासून पटतो. ‘नटसम्राट’ घ्या ना. बाप हयातीतच सगळं पोरांना देऊन टाकतो आणि मग त्याच पोरांच्या दारात उपरा होतो, ही ‘किंग लिअर’ची गोष्ट, आणि ती तरी मूळ शेक्सपिअरची कुठे होती, त्याच राजावरचं एक जुनं नाटक आधीच होऊन गेलेलं, त्यात शेवट गोड होता, राजाला राज्य परत मिळतं, शेक्सपिअरनं तो शेवट उलटा केला. शिरवाडकरांनी १९७० मध्ये राजाच्या जागी नट आणला आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कावेरी आणली. लिअरची बायको नाटकात येतच नाही! आप्पांना सावरणारी, मानानं जगायचं म्हणणारी कावेरी काढून टाका, मग बघा काय उरतं. गोष्टीलाच कुलूप लावलं असतं तर हे नाटक आपल्याला मिळालं असतं का?

पण म्हणून तुमच्या दिग्दर्शकाचं वागणं बरोबर ठरत नाही. तुमचं ऐकून त्याला सुचलं असेल तर एक फोन करायला हवा होता, स्टेजवरून नाव घ्यायला हवं होतं. ज्ञानेश्वर माऊली स्वतः सांगतात की मी व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना वाट पुसत चाललोय. एवढ्या मोठ्या माणसाला त्यात कमीपणा वाटला नाही.

आता करायचं काय, तर दोन्ही संहिता शेजारी ठेवा आणि प्रवेशांचा क्रम, वळणं, शेवट जुळतोय का ते बघा. जुळत असेल तरच वकील गाठा. फक्त बुडालेलं गावच जुळत असेल तर सोडून द्या आणि तुमचा पोस्टमन पुढच्या स्पर्धेत उभा करा, तो त्या बाईंपेक्षा वेगळाच आहे. आणि इथून पुढे वाचनाआधी संहितेची पीडीएफ समोरच्याला मेल करत जा, तारीख राहते. कॉपीराइट लिहिल्याक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, फी ५०० रुपये आहे, पण केलेली असली तर भांडणात पुरावा म्हणून कामी येते.

प्रश्न : शाळेच्या गॅदरिंगला एका हयात लेखकाचं बालनाट्य बसवतोय. शेवट बदललाय, त्यामुळे पत्रिकेत ‘लेखन : शिक्षकवृंद’ छापलं तर चालेल ना?
– एक शिक्षिका, लातूर

उत्तर : नाही चालणार मॅडम. प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढेच असतील तर शाळेला प्रयोग करायची मुभा कायद्यात आहे, पण लेखकाचं नाव पुसायची मुभा कुणालाच नाही, अगदी त्यानं हक्क विकले तरी नाव त्याचंच राहतं. शेवट बदलायचाय तर त्यांना आधी विचारा. कॉपीराइट लेखक गेल्यावरही ६० वर्षं चालतो, शिरवाडकर १९९९ मध्ये गेले तर ‘नटसम्राट’ २०५९ संपेपर्यंत परवानगीशिवाय बदलता येणार नाही, आणि लिअर मात्र तुम्ही उद्या सकाळी घेऊन वाट्टेल तसा बसवू शकता. तर आधी लेखकांना फोन करा, आणि पत्रिका छापायला गेली असेल तर आजच थांबवा.