आईच्या सीटीत मणक्याजवळ गाठ आली, 'बहुधा श्वानोमा' लिहिलंय. पेट-सीटी केल्यावर कॅन्सर आहे का ते नक्की कळेल का?

नाही कळणार. श्वानोमा म्हणजे मज्जातंतूच्या आवरणाची गाठ, बहुतेक वेळा साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली. आणि पेटमध्ये साखरेसारखं औषध टोचतात; ते जास्त ओढून घेणारी जागा चमकते, एवढंच. मी नागपुरात धंतोलीत रेडिओलॉजिस्ट आहे आणि या एका प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडत आलेय, म्हणून लिहिते.

काटोलकडच्या एक बाई. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी काढलेल्या एक्स-रेत डावीकडे वर, मणक्याला लागून गोल सावली. फिजिशियननी थेट पेट करायला लावलं. गाठ चमकली, घरात रडारड. मुलगा मला विचारत होता, "मॅडम, कॅन्सर नाही म्हणता, तर मग चमकून काहून राहिलं?" साधा श्वानोमाही पेटवर चांगलाच चमकू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी तोच एक्स-रे पुन्हा व्ह्यू बॉक्सवर लावला. सावलीची कड कॉलरबोनच्या वरही स्वच्छ दिसत होती, म्हणजे गाठ छातीत मागच्या बाजूला. दोन बरगड्या फाकलेल्या. वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला खळगा, पण त्याला गुळगुळीत पांढरी किनार. हाड खाल्लेलं नव्हतं, सावकाश दाबानं झिजलं होतं. मग मुलानं घरून आईच्या नोकरीच्या मेडिकलचा जुना एक्स-रे आणला. सावली त्यातही होती, जरा लहान. इतका भक्कम पुरावा कुठलं महागडं मशीन देणार?

एमआरआय मात्र हवाच. त्या बाईंच्या एमआरआयच्या टी-टू फिल्मवर (ज्यात पाणी उजळ दिसतं) गाठीची कड उजळ, मध्य गडद होता; मज्जातंतूच्या गाठीत असं दिसतं. शिवाय मज्जातंतू बाहेर पडतो ते छिद्र रुंदावून गाठीचा एक तुकडा कण्यात शिरलेला, डंबेलसारखा. त्यामुळे छातीचे सर्जन आणि न्यूरोसर्जन दोघं ऑपरेशनला एकत्र उभे राहिले. ते फिजिशियन अजूनही 'आधी पेट' म्हणतात. मला ते मान्य नाही.

तुमच्या सीटीत छिद्र रुंद आहे का, बरगडीची कड कशी आहे, हे रिपोर्ट देणाऱ्यांनाच विचारा. गाठ तीन-चार मणक्यांएवढी उभी लांबट असेल तर गँग्लिओन्यूरोमाही (मज्जापेशींची गाठ) असू शकतो, तोही साधाच.

हो, एक राहिलं. गाठ भराभर वाढत असेल, सतत दुखत असेल, हाड खाल्लेलं दिसत असेल, किंवा अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग आणि गाठी असतील, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे पेटलाही जागा आहे आणि बायोप्सीलाही. शेवटचा शब्द तसाही पॅथॉलॉजीचाच. आणि आईच्या पायांत ताकद कमी वाटत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर एमआरआय आजच करून घ्या.