जर्मनीत आरोग्य विमा निवडताना आधी घरातली माणसं मोजा

जर्मनीतली नोकरी पक्की झाली, ब्लू कार्डाचे (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या राहण्याच्या परवान्याचे) कागद हातात आले की थोड्याच दिवसांत कुणीतरी ओळखीच्या ब्रोकरचा नंबर देतं. ब्रोकर गोड बोलतो, इंग्रजीत नीट समजावतो. एवढा पगार असून पब्लिकमध्ये, म्हणजे कायद्याने चालणाऱ्या सार्वजनिक आरोग्य विम्यात, कशाला अडकता, प्रायव्हेट, म्हणजे खासगी कंपनीचा विमा, घ्या, दर महिन्याला पैसे वाचतील आणि स्पेशालिस्टची अपॉइंटमेंटही आठवड्याभरात मिळेल, असं त्याचं म्हणणं. मग मला विचारलं जातं, "घेऊ का?"

बायको किंवा नवरा आणि मुलं मागाहून येणार असतील, तर माझं उत्तर बहुतेक वेळा "नको" असं असतं. त्यामागची कारणं सविस्तर सांगते, कारण ब्रोकरच्या कागदावर ती सहसा नसतात.

आधी हा प्रश्न तुमचा आहे का ते बघा. नोकरदाराला प्रायव्हेटमध्ये जायचं तर पगार एका ठरावीक मर्यादेच्या वर लागतो. २०२६ साठी ती वर्षाला ७७,४०० युरो आहे, करकपातीपूर्वीच्या पगारावर. ब्लू कार्डासाठी साधारण ५०,७०० युरो पगार पुरतो, त्यामुळे ब्लू कार्डावर आलेल्या अनेकांना ही निवड मुळात नसतेच. त्यांनी पब्लिकमध्येच राहायचं असतं, फक्त कोणती क्रांकनकासे, म्हणजे पब्लिक विमा देणारी संस्था, घ्यायची ते ठरवायचं. सगळ्यांच्या मूळ सेवा कायद्याने जवळजवळ सारख्याच असतात. फरक पडतो तो प्रत्येक कासे स्वतः ठरवते त्या जादा वर्गणीच्या दरात आणि फोनवर इंग्रजी बोलणारं कुणी मिळतं का यात. त्यावर रात्र जागवू नका.

पगार मर्यादेच्या वर असेल तर मात्र एक मुदत भिंतीवर लिहून ठेवा. जर्मनीत पहिल्यांदाच नोकरी धरणाऱ्याला एवढा पगार असूनही स्वेच्छेने पब्लिकमध्ये जाता येतं, पण ते नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कळवावं लागतं. हे तीन महिने घर शोधण्यात, पत्त्याची नोंदणी करण्यात आणि बँकेच्या चकरा मारण्यात कसे उडतात ते इथे आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. "आधी प्रायव्हेट घेऊन बघतो, नाही जमलं तर बदलेन" असं म्हणणाऱ्याच्या हातून नेमकी हीच संधी निसटते.

आता हिशेब. पब्लिकची वर्गणी पगाराच्या टक्केवारीत असते: मूळ १४.६ टक्के, आणि त्यावर जादा वर्गणी, जिचा २०२६ चा सरासरी दर २.९ टक्के आहे. वर्षाला ६९,७५० युरोंच्या पुढच्या पगारावर काहीच आकारलं जात नाही. म्हणजे पगार कितीही मोठा असला तरी सरासरी दराने महिन्याला जास्तीत जास्त १,०१७ युरोंच्या आसपास, आणि त्यातले निम्मे कंपनी भरते. शुश्रूषा विम्याची, म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणात दीर्घकाळ लागणाऱ्या देखभालीच्या विम्याची, वर्गणी वेगळी. तुमच्या वाट्याचे ५०९ युरो पेस्लिपवर बघून डोळे विस्फारतात हे खरं. पण याच पैशात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं यांचा विमा येतो, एक युरोही जास्त न देता. जोडीदाराचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ५६५ युरोंच्या आत असलं की झालं. मिनीजॉब, म्हणजे थोड्या तासांची कमी पगाराची नोकरी, असेल तर मर्यादा ६०३ युरो.

प्रायव्हेटमध्ये प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. तो पगारावर नाही, तर वय, तब्येत आणि निवडलेल्या योजनेवर ठरतो. ब्रोकर दाखवतो तो आकडा तिशीतल्या एका निरोगी माणसाचा असतो. त्यात जोडीदाराचा हप्ता घाला, दोन मुलांचे घाला, वर्षाला आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम बारा महिन्यांत वाटून घाला, आजारी रजेतल्या भत्त्याचा वेगळा विमा घाला, आणि मग बेरीज करा. कंपनी प्रायव्हेटलाही निम्मा हातभार लावते, पण पब्लिकमध्ये ती जास्तीत जास्त जेवढा वाटा भरते तेवढाच, आणि तोही सगळ्या कुटुंबाचा मिळून.

एक फास असा आहे की तो दोन-तीन वर्षांनी आवळतो. समजा तुम्ही प्रायव्हेटमध्ये आहात आणि तुमच्या पत्नीला नोकरी लागून त्या पब्लिकमध्ये गेल्या. मुलांना आईच्या नावावर फुकट घालू असं वाटतं. पण आईवडील विवाहित असतील, प्रायव्हेटमधल्या पालकाचा पगार ७७,४०० युरोंच्या त्या मर्यादेच्या वर असेल आणि तो पब्लिकमधल्या पालकापेक्षा जास्त कमवत असेल, तर मुलांना ती सवलत मिळत नाही. त्यांचा हप्ता वेगळा भरावा लागतो. हे कळतं तेव्हा बहुतेकांचा चेहरा उतरतो.

मूल होणार असेल तर आणखी दोन गोष्टी. प्रायव्हेटमध्ये नवजात बाळाला तब्येतीचे प्रश्न न विचारता घ्यावं लागतं, पण त्यासाठी आई किंवा वडील किमान तीन महिने त्या कंपनीकडे विमाधारक असायला हवेत आणि जन्मापासून दोन महिन्यांत नोंद करायला हवी. बाळंतपणाच्या गडबडीत ही तारीख चुकवू नका. दुसरं म्हणजे एल्टर्नत्साइट, म्हणजे पालकत्वाची रजा. सक्तीने पब्लिकमध्ये असलेल्याला या रजेत दुसरं उत्पन्न नसेल तर वर्गणी भरावी लागत नाही. प्रायव्हेटचा हप्ता चालूच राहतो, आणि पूर्ण रजेत पगार थांबलेला असल्याने कंपनीचा वाटाही बंद होतो.

पब्लिकमधल्या आईवडिलांना मूल आजारी पडलं तर त्याची काळजी घेण्यासाठी भरपाईसह रजा मिळते, सध्या प्रत्येक पालकाला एका मुलामागे वर्षाला १५ कामाचे दिवस, मूल बारा वर्षांचं होईपर्यंत. त्यासाठी मूलही पब्लिकमध्ये हवं. ज्यांची मुलं किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, जायला लागली आहेत त्यांना या दिवसांची किंमत सांगायला नको. हिवाळाभर घरात कुणी ना कुणी शिंकत असतं आणि आजी-आजोबा सहा हजार किलोमीटरवर असतात.

सगळ्यात जास्त काळजी मला परतीच्या वाटेची वाटते. प्रायव्हेटमधून पब्लिकमध्ये परत यायचं तर साधारणपणे पगार मर्यादेच्या खाली यावा लागतो किंवा बेकारभत्ता लागू व्हावा लागतो. पंचावन्नाव्या वर्षानंतर हेही बहुतेकांसाठी बंद होतं. हप्ता मात्र वाढत राहतो. दरवर्षी वय वाढलं म्हणून तो वाढतो असं नाही, त्यासाठी तरुणपणीच्या हप्त्यातून राखीव रक्कम बाजूला काढलेली असते. उपचारांचा खर्च अंदाजापेक्षा चढला की कंपनी सगळ्या गटाचा हप्ता नव्याने ठरवते, आणि काही वर्षं स्वस्थ गेल्यावर एकदम मोठी उडी बसते. निवृत्तीनंतर पगार नसतो, हप्ता असतोच. तीस-पस्तीसच्या वयात हे फार लांबचं वाटतं, म्हणूनच हे इतकं लांबवून लिहिते आहे.

अर्जातल्या तब्येतीच्या प्रश्नांबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. आम्ही आलो तेव्हा आम्हीही प्रायव्हेटचा अर्ज भरायला बसलो होतो. यजमानांनी भारतात असताना पाठदुखीसाठी फिजिओथेरपी घेतली होती. ब्रोकर म्हणाला, "ती भारतातली गोष्ट, इथे कुणाला कळणार? सोडून द्या." आम्ही ती लिहिली. कंपनीने हप्त्यावर अधिभार मागितला आणि आम्ही तिथेच थांबलो. आज वाटतं, बरं झालं. रक्तदाब, साखर, थायरॉइड, दमा, समुपदेशन, जे विचारलं आहे ते सगळं लिहा, मग उपचार कुठेही झालेले असोत. माहिती मुद्दाम दडवल्याचं पुढे उघड झालं तर दहा वर्षांपर्यंत कंपनी करार मोडू शकते, आणि उघड होतं ते मोठं बिल आल्यावरच. तुमचं नाव न सांगता आधी कंपन्यांकडे चौकशी करता येते. ब्रोकरला ती करायला सांगा. प्रायव्हेट विमा विकल्याबद्दल त्याला मिळणारं कमिशन नऊ महिन्यांच्या हप्त्यांपर्यंत जाऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या. पब्लिकमध्ये जा असं सांगून त्याला त्याच्या जवळपासही काही मिळत नाही.

प्रायव्हेट कुणासाठीच नाही असं माझं म्हणणं नाही. एकटा, तरुण, निरोगी माणूस, पगार मर्यादेच्या बराच वर, आणि तीन-चार वर्षांनी भारतात परतायचं नक्की, अशाला ते फायद्याचं पडू शकतं. अपॉइंटमेंट लवकर मिळते हेही खोटं नाही. प्रायव्हेट रुग्णाच्या बिलासाठी वेगळं दरपत्रक आहे आणि त्या मूळ दराच्या २.३ पट आकारणी सर्रास होते, म्हणून डॉक्टरही अशा रुग्णाला जागा करून देतात. फक्त बिल आधी तुम्ही भरायचं आणि मग कंपनीकडे पाठवायचं, याची तयारी ठेवा.

कुटुंबवाल्यांना मी मधला मार्ग सुचवते: मूळ विमा पब्लिक, आणि वर लहानसा खासगी जोडविमा. त्यातही दातांचा आधी. कवळी, क्राउन, ब्रिज यांसाठी पब्लिक साध्या उपचाराच्या ठरावीक खर्चाच्या ६० टक्केच देतं, नियमित तपासणीचं पुस्तक भरलेलं असेल तर थोडं जास्त. हा जोडविमा डेंटिस्टने "क्राउन लागेल" असं लिहिण्याच्या आधी घ्यायचा. एकदा फाइलमध्ये नोंद झाली की त्या दातासाठी तो सहसा उपयोगी पडत नाही.

"इनकमिंग" किंवा "एक्स्पॅट" नावाने मिळणाऱ्या स्वस्त पॉलिसींवर मात्र संसार उभा करू नका. भारतातून निघाल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस भरून काढायला त्या ठीक. पुढे व्हिसा वाढवताना परदेशी नागरिकांचं कार्यालय त्या नाकारू शकतं, आणि जुने आजार त्यांत बहुधा वगळलेले असतात. शिकायला येणाऱ्या भाच्या-पुतण्यांनाही हे सांगा: विद्यार्थ्याने सुरुवातीला पब्लिकमधून सूट घेतली तर शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही.

आईवडिलांना तुमच्या विम्यात घालता येत नाही, ना पब्लिकमध्ये फुकट, ना कंपनीच्या हातभाराने. ते भेटायला येतील तेव्हा शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. ती रक्कम व्हिसा मिळवून देते, पण बाबांना आधीपासून हृदयविकार असेल तर पॉलिसीत जुन्या आजाराबद्दल काय लिहिलं आहे तेच बघायचं. बऱ्याच पॉलिसी अचानक बिघडलेल्या प्रकृतीवर तातडीचे उपचार तेवढेच देतात, आणि काही तेही देत नाहीत. ते कलम तिकीट काढण्याआधी वाचा, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत औषधांची यादी मूळ घटकांच्या नावांसह लिहून घ्या. ब्रँडचं भारतीय नाव इथल्या फार्मसीत कुणाला कळत नाही.

सही करण्याआधी कुणाला तरी विचारायचं असेल, तर फेरब्राउखरत्सेन्ट्राले, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्र, थोड्या शुल्कात सल्ला देतं. परवानाधारक फेरझिशरुंग्सबेराटर, म्हणजे विमा सल्लागार, तुमच्याकडूनच फी घेतो, कायद्याने त्याला विमा कंपनीकडून कमिशन घेता येत नाही. जाताना पेस्लिप, घरातल्या सगळ्यांची वयं आणि जुन्या आजारांची यादी सोबत न्या, आणि तीन महिन्यांची ती तारीख पहिल्या पाच मिनिटांतच सांगा.