पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही

प्रश्न : बाल्ड ईगल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या गरुडाच्या पिल्लांच्या पाठीवर, ठावठिकाणा कळवणारा ट्रान्समीटर पट्ट्याने बांधतात. पिल्लू वाढलं की पट्टा रुतत नाही का?

उत्तर : वेळ चुकली तर रुततो. म्हणून पिल्लू साधारण सात ते नऊ आठवड्यांचं असतानाच हे काम करतात. तोवर त्याची पिसं वाढत असली, तरी अंगाचा आकार जवळपास पूर्ण झालेला असतो. आणखी थांबलं, तर माणूस झाडावर चढताना दिसताच घाबरलेलं पिल्लू उडता येत नसतानाही घरट्याबाहेर उडी टाकतं. हा धोका सर्वांत मोठा.

पट्ट्यासकट सगळं ओझं पिल्लाच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायचं, म्हणजे ४ किलोच्या पिल्लाला जास्तीत जास्त १२० ग्रॅम. टेफ्लॉनच्या फितीचे पुढचे दोन पदर खांद्यांवरून आणि मागचे दोन पंखांखालून आणून छातीच्या मधल्या हाडावर शिवतात. ही जागा अन्नपिशवीच्या खाली हवी, नाहीतर पोटभर खाल्ल्यावर फुगणारी पिशवी दाबली जाते. फीत घट्ट झाली तर कातडी सोलते, सैल राहिली तर तिच्यात चोच किंवा पंख अडकतो. बांधल्यावर पंख दोन्ही बाजूंना पूर्ण उघडून पाहायचेच. शिवण सुती दोऱ्याची असावी. काही वर्षांनी दोरा कुजतो आणि पट्टा आपोआप गळून पडतो. नायलॉनच्या दोऱ्याने ही सुटकाच राहत नाही.

ट्रान्समीटरवरची सौर पट्टी पिसांखाली झाकली गेली तर बॅटरी भरत नाही, म्हणून ट्रान्समीटरखाली फोमची गादी देऊन तो थोडा उचलतात.

अमेरिकेत हे काम संघराज्य सरकारच्या परवान्याशिवाय करता येत नाही. १९४० च्या कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे.

प्रश्न : ट्रान्समीटरची जागा दाखवणारा नकाशावरचा ठिपका हलेनासा झाला, तर पिल्लू मेलं समजायचं का?

उत्तर : लगेच नाही. घरटं सोडल्यावरही पिल्लू कित्येक आठवडे जवळच राहतं, आईबाप त्याला खाऊ घालतात. कधीकधी ते जमिनीवरच बसून असतं, तेव्हा उगाच जवळ जाऊ नये. मोबाइल जाळ्यातून माहिती पाठवणारं यंत्र असेल, तर रेंज नसताना नोंदी आतच साठतात आणि नंतर एकदम येतात. ठिपका जागचा हलत नाही, हालचाल मोजणारा संवेदक शून्य दाखवतो आणि यंत्राचं तापमान दिवसरात्र हवेसोबत चढतं-उतरतं, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर लगेच जागेवर पोहोचावं. पक्षी पालथा पडला असेल तर ठीक, पण उताणा असेल तर सौर पट्टी जमिनीकडे जाते, बॅटरी संपते आणि ठावठिकाणाच हरवतो. पट्टा नुसता गळून पडला असेल, तरी ही तिन्ही लक्षणं अशीच दिसतात.