"कोंडून ठेवलं तर सुटेल ना?"

"मॅडम, खोलीत कोंडून ठेवलं तर सुटेल ना?" हा प्रश्न मला व्यसनी मुलांच्या कितीतरी आयांनी विचारलाय. त्या दिवशी विचारणाऱ्या बाईंच्या मुठीत खरोखरच कुलपाची किल्ली होती. बोलता बोलता त्यांनी ती इतकी आवळली होती, की तळहातावर तिचे दाते उमटले होते.

मुलगा 23 वर्षांचा. गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) ओढता ओढता सुईवर गेलेला. वडिलांनी त्याला 9 दिवस कोंडलं होतं. जांभया, गळणारं नाक, अंगावर काटा, जुलाब, पायांत गोळे, रात्रभर दार बडवणं. ही मुलं याला 'टर्की' म्हणतात. गर्दची टर्की शेवटच्या डोसनंतर 8 ते 12 तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते आणि आठवड्याभरात बरीचशी ओसरते. नवव्या दिवशी तो पोटभर जेवला. वडिलांनी दार उघडलं.

त्याच संध्याकाळी तो बाथरूममध्ये पडलेला सापडला. ओठ निळे, श्वास मध्येच थांबणारा. वेळेत दवाखान्यात नेलं, गर्दचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन मिळालं, म्हणून वाचला.

"पण त्यानं जास्त घेतलं नव्हतं हो, रोजचंच घेतलं होतं," आई म्हणाल्या.

घात तिथेच होतो. काही दिवस बंद राहिलं की शरीराची डोस पचवायची ताकद उतरते, ओढ मात्र तशीच राहते. मग कालपर्यंत सोसलेला डोस आज श्वास बंद पाडतो. तुरुंगातून किंवा उपचार केंद्रातून नुकत्याच सुटलेल्यांचे जीव असेच जातात. (दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचं जुनं व्यसन असेल तर कोंडण्याचा विचारही नको. त्या एकदम तोडल्या तर फिट येऊन जीव जाऊ शकतो.)

मुलाशी मी एकट्याशी बोलले. तो म्हणाला, "सोडायचं मी ठरवलंच नव्हतं. दार कधी उघडतंय याची वाट बघत होतो."

डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं, म्हणजे गर्दच्याच जातीचं, पण उपचारासाठी दिलं जाणारं औषध. वडील चिडले, "म्हणजे एक व्यसन काढून दुसरं लावायचं?" त्यांचा राग मला कळत होता, पण इथे मी मागे हटले नाही. रोज ठरलेल्या मात्रेत घेतलेली ही गोळी टर्की येऊ देत नाही, ओढ आवरते, माणूस शुद्धीत राहून कामाला जाऊ शकतो. ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं लागते, आणि घाईनं बंद केली तर घसरण्याचा धोका वाढतो. हे त्यांना मी तीन बैठकांत सांगितलं. तिसऱ्या बैठकीत ते रडले.

चार महिन्यांनी मुलगा एकदा घसरला. त्याच रात्री त्यानं स्वतःच आईला उठवून सांगितलं. सकाळी त्यांचा मला फोन आला. कुलपाचा विषयही निघाला नाही. "डॉक्टर किती वाजता येतात?" एवढंच त्यांनी विचारलं.