मोटारचा पडदा अडला? आधी बटण सोडा

प्रश्न : जुळे सोलापूरला आमच्या हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. मे महिन्यात दुपारी पडदा मध्येच थांबतो. मुलं दिवसभर वरखाली करत असतात. रिमोट दाबला तरी हूं की चूं नाही, संध्याकाळी मात्र आपोआप चालू! मोटार गेली का?

गेली नाही, तापली. रोलर पडद्याची मोटार कापड जिच्यावर गुंडाळलं जातं त्या नळीच्या आत बसवलेली असते, तिला वारा लागत नाही. 230 व्होल्टच्या बहुतेक मोटारी सलग चारेक मिनिटं चालतील एवढ्याच बेताच्या असतात. त्यापुढे आतला कटआउट सप्लाय तोडतो. आपल्याकडे मेमध्ये पारा 42-43 वर, त्यात पश्चिमेची काच आणि वर मुलांचा खेळ. अर्धा तास हात लावू नका. थंड झाली की तीच चालेल.

पण एकदाच खाली सोडल्यावर थांबत असेल, तर गोष्ट वेगळी. बटण दाबून नळीजवळ कान न्या. घूं आवाज येतो पण नळी हलत नाही, तर कापड किंवा खालची पट्टी कुठेतरी घासतेय, किंवा कपॅसिटर, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणारा भाग, उतरलाय. मोटार फिरल्याचा आवाज येतो आणि पडदा जागचा हलत नाही, तर नळीला मोटार जोडणारं आतलं प्लास्टिकचं चाक निसटलंय. काहीच आवाज नाही आणि मोटार थंडच आहे, तर दोष सप्लायकडे किंवा रिमोटकडे.

प्रश्न : होटगी रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये शेजारशेजारच्या दोन खिडक्यांचे पडदे वायरमननं एकाच स्विचवर घेतले. आता एक वर जाऊन थांबला की दुसरा झटके मारतो. मोटारवाला वायरमनला नावं ठेवतो, वायरमन मोटारीला.

या भांडणात मोटारवाला बरोबर आहे. साध्या स्विचवर चालणाऱ्या मोटारीला न्यूट्रल आणि अर्थ सोडून दोन वायरी असतात, एक वर जायची, एक खाली यायची, आणि आत त्या दोन्ही कपॅसिटरनं जोडलेल्या. दोन मोटारी समांतर जोडल्या की एकीच्या कपॅसिटरमधून उलटा करंट दुसरीच्या नको त्या वायरीत शिरतो. लिमिटवर, म्हणजे पडदा जिथं थांबायचा ठरवलाय तिथं, थांबलेली मोटार मग उलटी फिरायला बघते, परत लिमिटवर येते, परत उलटी. असंच चालू राहिलं तर लिमिट स्विच जळतो. प्रत्येक मोटारीला वेगळा स्विच द्या, किंवा मधे ग्रुप रिले, म्हणजे एका स्विचवर मोटारी एकमेकींपासून वेगळ्या ठेवून चालवणारा डबा, बसवा. आणि स्विचही पंख्याचा नको, वर आणि खाली एकदम दाबता येणार नाही असाच घ्या. दोन्ही दाबले गेले तर मोटार फुकट जाते.

प्रश्न : घराशेजारीच यंत्रमाग आहेत. पडदा गुंडाळताना उजवीकडे सरकतो, कड विस्कटते आणि तिथंच अडकतो. नळीला तेल सोडू का?

तेल अजिबात नको. हवेतले कापसाचे तंतू त्यावर बसून आठवड्यात चिकट लगदा होईल, कापडाला डाग पडतील ते वेगळेच. पडदा पूर्ण खाली सोडा, मेन बंद करा आणि कडेचे ब्रॅकेट मऊ ब्रशनं साफ करा. मग लेव्हल लावून नळी आडवी सरळ आहे का पाहा. सरळ असूनही कापड उजवीकडे जात असेल, तर नळीच्या डाव्या टोकाला, कापडाच्या खाली, मास्किंग टेपचा एक तुकडा चिकटवा. कापड जाड बाजूकडे ओढलं जातं. एका थरानं फरक पडला नाही तर दुसरा थर द्या.

प्रश्न : लाईट जाऊन आली आणि रिमोट चालेना. रीसेट करू?

थांबा. रिमोटवरचा चॅनेल, म्हणजे कोणत्या खिडकीचा पडदा निवडलाय ते, आधी बघा. पाच चॅनेलचा रिमोट घरातलं कुणीही नकळत दुसऱ्या खिडकीवर नेऊन ठेवतं. मग बटणसेल बदलून बघा. एवढं करूनही दाद दिली नाही, तरच रीसेट. त्यात वरखालीच्या लिमिट पुसल्या जाऊ शकतात, आणि मग पट्टी थेट नळीत गुंडाळली जाते. म्हणून मोटारीबरोबर आलेला कागद समोर ठेवूनच प्रोग्रॅमचं बटण दाबा.

प्रश्न : अर्ध्यावर अडलेला पडदा हातानं ओढला तर चालेल?

नाही. आत ब्रेक असतो, कापडच फाटेल.